भेग पात्याच्या पुढे धावते

आठवडी बाजारात लोहाराकडे कुऱ्हाड घ्यायला आलेला माणूस आधी ती हातात तोलून बघतो आणि बहुतेक वेळा त्यातली जड उचलतो. सरपण फोडायचं तर कुऱ्हाड वजनदारच हवी, ही समजूत इतकी घट्ट आहे की किलो-सव्वा किलोची कुऱ्हाड फांद्या साळायला ठेवली जाते आणि ओंडक्यांसाठी दुप्पट वजनाची शोधली जाते. आंघोळीच्या बंबाला लागणारं जळण फोडायला मात्र ती हलकी कुऱ्हाड पुरते. ती का पुरते, यामागचं विज्ञान फार सुंदर आहे आणि ते सगळं लाकडाच्या आत घडतं.

गतिज ऊर्जेचं सूत्र शाळेत शिकलेलंच आहे : वस्तुमान दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. त्यावरून हलकी कुऱ्हाड आपोआप सरस ठरते, असं काही जण सांगतात. ते खरं नाही. कुऱ्हाडीबरोबर आपल्याला स्वतःचे हातही फिरवावे लागतात, त्यामुळे वजन निम्मं केलं म्हणून वेग दुप्पट होत नाही. हलक्या कुऱ्हाडीच्या घावात ऊर्जा थोडी कमीच असते. तेव्हा खरा प्रश्न असा, की लाकूड फुटायला ऊर्जा लागते तरी किती?

लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीत उभ्या रचलेल्या पोकळ, लांबट पेशी. सेल्युलोजचे मजबूत तंतू या पेशींच्या भिंतींत जवळजवळ उभेच असतात, आणि पेशी एकमेकींना धरून राहतात त्या मुख्यतः लिग्निनमुळे. खराट्याची जुडी आडवी मोडायला जाल तर दमाल, पण काड्या एकमेकींपासून अलग करणं सोपं. लाकूड आडवं तोडताना दर चौरस मीटर नव्या पृष्ठभागामागे दहा हजार जूलच्या आसपास ऊर्जा लागते, तर धाग्याच्या दिशेनं फोडताना काही शे जूल पुरतात.

आता हिशेब करू. ओंडका २० सेंटीमीटर व्यासाचा आणि ३० सेंटीमीटर उंचीचा धरा. तो मधोमध उभा फुटला तर फुटीचं क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर भरतं. दर चौरस मीटरला ३०० जूल धरले तर लागले १८ जूल. एक किलोचं पातं सेकंदाला १२ मीटर वेगानं आलं तर त्यात ७२ जूल असतात, म्हणजे गरजेच्या चौपट! उरलेली ऊर्जा घर्षणात, धारेखाली तंतू चिरडण्यात आणि फाळ्या उडवण्यात जाते. ओंडका भुसभुशीत मातीवर ठेवला असेल तर जमीनही तिचा वाटा घेते. म्हणूनच खाली जाड लाकडाचा ठोकळा लागतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कुऱ्हाड लाकूड कापत कापत खाली जाते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात धार फक्त सुरुवातीचे काही मिलिमीटर कापते. त्यानंतर पात्याचे फुगीर गाल फटीच्या दोन्ही बाजू दूर ढकलतात आणि भेग धारेच्या पुढे धावू लागते. भेगेच्या टोकाशी धार पोहोचलेलीच नसते.

भेग कधी पुढे सरकते, याचा नियम ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं काचेचा अभ्यास करून १९२१ मध्ये मांडला : ताणलेल्या पदार्थातून मोकळी होणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग तयार करायला पुरली, की भेग वाढते. १९३० मध्ये रशियन शास्त्रज्ञ ओब्रेइमॉफ यांनी अभ्रकाच्या थरांत काचेची पाचर सरकवून हाच हिशेब तपासला. आपल्या ओंडक्यालाही तो लागू पडतो. फटीच्या दोन्ही बाजू वाकवलेल्या तुळयांसारख्या वागतात आणि वाकताना त्यांच्यात ऊर्जा साठते. गणित सोडवलं तर असं दिसतं, की फटीची रुंदी भेगेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावी लागते. भेग दुप्पट लांब न्यायची तर फट चौपट रुंद हवी, चौपट लांब न्यायची तर सोळापट. फाळी जितकी जाड, तितक्या कमी फटीत भेग लांब जाते, पण ती फाळी वाकवायला जोरही जास्त लागतो.

वरच्याच ओंडक्याचे आकडे घातले तर सरळ धाग्याच्या, बिनगाठीच्या लाकडात एक-दोन मिलिमीटरची फट भेग तळापर्यंत न्यायला पुरते. एवढी फट हलकी कुऱ्हाड सहज पाडते. ओंडका सव्वा मीटर लांब ठेवला तर मात्र तीच कुऱ्हाड अडकून बसते. तिथे पाचर आणि घण हवा, किंवा मग आधी करवत. लाकूड हातभर लांबीचं कापून घेतलं की निम्मं काम तिथेच झालं.

फिनलंडमधल्या हाइकी कार्ना यांच्या लिव्हर कुऱ्हाडीचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. त्या कुऱ्हाडीचं वजन एका बाजूला असतं, त्यामुळे घाव बसताच पातं वळतं आणि फट उघडतं. कल्पना अस्सल आहे. पण 'आता ताकद लागतच नाही' हा त्याखालचा मजकूर निव्वळ जाहिरात आहे, कारण व्हिडिओतले ओंडके आखूड आणि सरळ धाग्याचे असतात. घाव बसण्याच्या क्षणी मनगटाला किंचित मुरड दिली, तर साध्या कुऱ्हाडीनंही फट उघडते.

घाव कुठे घालायचा, हे लाकूडच सांगतं. वाळताना ते वाढीच्या वलयांच्या दिशेत जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीच्या दिशेत आकसतं. या ओढाताणीत कापलेल्या तोंडावर गाभ्याकडून बाहेर जाणाऱ्या भेगा पडतात. त्याच दिशेत पेशींच्या पातळ पट्ट्या असतात, त्यामुळे तिथे लाकूड मुळात कमजोर. अशी तयार भेग दिसली की तिच्याच रेषेत घाव घालावा. लाकूड अंधाऱ्या पक्षात तोडलं तर त्याला कीड लागत नाही, असंही पुष्कळांकडून ऐकायला मिळतं. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना हवा असतो त्यातला स्टार्च. तो झाडाच्या जातीवर आणि ऋतूवर अवलंबून असतो, तेव्हा तिथी-पक्षाकडे लक्ष नको.

हे सगळं गणित कोलमडतं ते गाठीशी. फांदी फुटली असेल तिथे खोडाचे तंतू तिला वळसा घालतात, आणि भेगेला ते आडवे तोडावे लागतात. काही शे जूलचा दर तिथे एकदम दहा हजारांकडे जातो. कडुनिंबात आणि चिंचेत तर गाठ नसतानाही त्रास होतो, कारण या झाडांत काही वर्षं तंतू एका बाजूला पीळ घेतात आणि पुढची काही वर्षं उलट बाजूला. भेग उघडली तरी तिच्यात तंतूंचे पूल उरतात. अशा ओंडक्याच्या मधोमध घाव घालत बसू नये. कडेपासून दोन-तीन बोटं आत घाव घालावा. तिथली फाळी पातळ असल्यानं कमी जोरात वाकते, आणि भेग पातळ बाजूकडेच वळत असल्यानं बाहेर निघून ढलपा सुटतो. ओंडका फिरवत असेच ढलपे काढत गेलं, की मधला उरलेला भागही हलक्या कुऱ्हाडीच्या आवाक्यात येतो.