नळकांडी ध्वनिमुद्रिकांचे रेडिओवादन

मेणाच्या किंवा सेल्युलॉइडच्या नळकांड्यावर कोरलेले जुने ध्वनिमुद्रण रेडिओच्या संगीत कार्यक्रमात ऐकवणे.

नळकांड्यावर आवाज कोरून तो पुन्हा ऐकवणारे यंत्र, म्हणजे फोनोग्राफ, १८७७ चा, याबद्दल वाद नाही. वाद महिन्याचा आहे. एडिसनच्या एका आराखड्यावर १२ ऑगस्ट १८७७ असे लिहिलेले आढळते आणि जुन्या लेखनात हीच जन्मतारीख येते. ती मागाहून घातली गेली असावी व चालते यंत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पेटंटचा अर्ज २४ डिसेंबरचा आहे. फ्रान्समध्ये शार्ल क्रो याने अशीच कल्पना एप्रिलमध्येच मोहोरबंद लिफाफ्यात विज्ञान अकादमीकडे सोपवली होती. यंत्र मात्र त्याने बनवले नव्हते. पहिले मुद्रण कथिलाच्या वर्खावर झाले. मेण १८८० च्या दशकात आले. एडिसनच्या कंपनीने १९२९ मध्ये हा धंदा बंद केला.

प्रमाण नळकांडे सुमारे सव्वाचार इंच लांब, सव्वादोन इंच व्यासाचे आणि दोन मिनिटांचे. १९०८ पासून दुप्पट बारीक खाचांमुळे चार मिनिटे मावू लागली. येथे सुई खालीवर हलते, तबकडीसारखी आडवी नाही.

खरा पेच गतीचा आहे. मिनिटाला १६० फेरे हे प्रमाण साधारण १९०२ पासून स्थिरावले. त्याआधी १२० व १४४ फेऱ्यांवरही मुद्रण होई. १४४ चे मुद्रण १६० वर लावले तर पांढरी एकचा (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज, म्हणजे सा, जवळजवळ पांढरी दोनवर जातो. १२० चे लावले तर थेट मध्यमावर, म्हणजे म वर. नाट्यपद ऐकून वाढलेल्या कानाला गायकाची पट्टी अशी खोटी होणे हा अन्यायच. म्हणून सोबतच्या पेटीचा सूर पाहून गती ठरवावी. नळकांडे तडकलेले असेल तर दर फेऱ्याला एक टिचका, म्हणजे सेकंदाला दोन-तीन, ऐकू येतो. तो काढताना तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा आघात, पुसली जाऊ नये.

मूळ नळकांडे स्टुडिओत थेट लावत नाहीत. आधी संगणकावर उतरवतात. ते बाहेरून धरू नये: दोन बोटे आत घालून, ती किंचित फाकवून उचलावे, कारण हाताच्या उबेनेही मेण तडकते. खानापूरकडच्या पावसात मेणावर बुरशीचे पांढरे ठिपके धरतात. बुरशीने खाल्लेली खाच परत येत नाही.

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागाला आकाशवाणीची धारवाड (१९५०) व सांगली (१९६३) ही केंद्रे जवळची, त्यामुळे कानडी-मराठी दोन्ही गाणी एकाच घरात ऐकली गेली. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मेणाचे नळकांडे सर्वत्र पोचण्याआधीच, १८८५ मध्ये, ते वारले. त्यांच्या नाटक मंडळीतील गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ पर्यंत हयात होते, म्हणजे नळकांड्याच्या काळातले.

सुरुवातीच्या अनेक नळकांड्यांत गाण्याआधी गायकाचे व गीताचे नाव मोठ्याने उच्चारलेले असते. निवेदक वेळ वाचवण्यासाठी ते कापतात. तसे करू नये. पुठ्ठ्याचा डबा वाळवीने खाल्ला असेल तर ओळखीची खूण तेवढीच उरते.