‘आता आमच्या हातात काही नाही’ यानंतरची शुश्रूषा

‘आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या.’ कर्करोगाच्या वॉर्डात हे वाक्य कित्येक कुटुंबांनी ऐकले आहे. ते ऐकल्यानंतरही रुग्णाची कूस बदलावी लागते, सुकलेले ओठ ओल्या कापसाने पुसावे लागतात आणि ‘सिस्टर, अजून किती वेळ?’ या प्रश्नासमोर कुणाला तरी उभे राहावे लागते. मरणाच्या वाटेवरच्या माणसाच्या शुश्रूषेचे शास्त्र याच कामातून उभे राहिले. त्याचे श्रेय आधी परिचारिकांना द्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते.

सिसिली साँडर्स यांचेच पाहा. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्ये नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, तेव्हा त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. 1948 मध्ये डेव्हिड टास्मा हा पोलंडहून आलेला, जवळचे कुणी नसलेला कर्करोगी शेवटचे दिवस त्यांच्याशी बोलण्यात घालवून गेला. जाताना त्याने त्यांच्या नावे 500 पौंड ठेवले, मरणाच्या वाटेवरच्या माणसांसाठी त्या पुढे जे घर उभारतील, त्याची एक खिडकी व्हावी म्हणून. त्याच सुमारास साँडर्स मरणासन्न रुग्णांना सांभाळणाऱ्या सेंट ल्यूक्स या संस्थेत स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. वेदना परत उसळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी मॉर्फीन हे अफूपासून बनणारे वेदनाशामक देण्याची तिथल्या नर्सेसची पद्धत होती. इतर रुग्णालयांत रुग्ण कळवळल्यावर औषध मिळे. साँडर्स यांनी हा फरक हेरला, 1957 मध्ये डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये लंडनच्या दक्षिण भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांचे शुश्रूषागृह, उघडले. शरीर, मन, माणसे आणि श्रद्धा या चारही अंगांनी माणूस दुखतो, ही त्यांची मांडणी. घरच्यांचाही तिथे विचार होता. आठवड्यातला एक दिवस भेटी बंद असत, म्हणजे रात्रंदिवस उशाशी बसलेल्यांना मनाला टोचणी न लागता विसावा घेता येई.

ही चळवळ भारतात आली ती अडचणीच्या वेळी. 1985 मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला. परवान्यांच्या जाचाला आणि कडक शिक्षेच्या धाकाला कंटाळून रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. पुढच्याच वर्षी, 1986 मध्ये, मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती अवेदना हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू केले. त्याची शाखा पुढे गोव्यातही निघाली. 1993 मध्ये कालिकतला वेदनामुक्तीचे काम उभे राहिले आणि त्यातून केरळात घरोघरी जाणाऱ्या नर्स आणि स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. 1997 मध्ये पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचे अशाच शुश्रूषेचे केंद्र झाले. मॉर्फीनची वाट मोकळी करणारी दुरुस्ती मात्र 2014 मध्ये आली. मधल्या सगळ्या वर्षांत किती माणसे कण्हत गेली असतील, हा विचार मनातून जात नाही.

साध्या रुग्णालयांत गोष्ट आणखी अवघड झाली. आपल्याकडे शेवटचे पाणी मुलाच्या हातून, तुळशीपत्र घरच्यांकडून, जवळ सगळा गोतावळा. आयसीयूने या माणसांना काचेच्या दाराबाहेर बसवले. आत यंत्रे राहिली आणि पाळीवरची सिस्टर. दारातून कुणाला आणि किती वेळ आत घ्यायचे, हे बहुतेक वेळा तिच्याच समजुतीवर राहिले.

परळच्या केईएममध्ये या समजुतीचे मोल साऱ्या देशाने पाहिले. तिथल्या नर्स अरुणा शानबाग 1973 मधल्या हल्ल्यानंतर 42 वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. मागून आलेल्या नर्सेसच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, अंग पुसले, कूस बदलली. त्यांना एकही शय्याव्रण झाले नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालात आहे. अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्कही न्यायालयाने केईएमच्या या कर्मचाऱ्यांनाच दिला. अरुणाच्या जगण्याचा आधार काढून घ्यावा, अशी मागणी न्यायालयापुढे होती; तिला या कर्मचाऱ्यांचा विरोध होता. 18 मे 2015 रोजी अरुणा गेल्या.

बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवू देण्याची, त्याच निकालाने सुरू केलेली वाट 2018 मध्ये पुढे गेली. आपल्यावर शेवटी कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याला न्यायालयाने मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. नर्सिंगच्या पदवी अभ्यासक्रमात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचा, स्वतंत्र भाग आला तो 2021 च्या सुधारणेत. त्याआधीच्या बहुतेक सिस्टर हे काम वॉर्डात, थोरल्या सिस्टरांचे हात पाहून शिकल्या.