रिलेशनल डेटाबेसचे जलचिन्हांकन

रिलेशनल डेटाबेसमधील, म्हणजे ओळी व स्तंभांच्या तक्त्यांत ठेवलेल्या माहितीतील, निवडक मूल्यांत, वापरणाऱ्याच्या कामात अडथळा येणार नाही असे सूक्ष्म फेरफार गुप्त किल्लीच्या आधारे करून मालकीची खूण पेरण्याच्या तंत्रास डिजिटल जलचिन्हांकन म्हणतात. त्याने चोरी थांबत नाही. चोरलेली प्रत कोणाची, एवढे दाखवता येते.

अशी खूण छायाचित्रातही पेरता येते; पण छायाचित्रातील बिंदूंचा क्रम ठरलेला असतो, तक्त्यातील ओळींचा नसतो; त्या कशाही लावता येतात, गाळता येतात, त्यांत नव्या मिसळता येतात. आयबीएमचे राकेश अग्रवाल व जेरी किर्नन यांनी २००२ मध्ये यावर उपाय मांडला. प्रत्येक ओळीची प्रायमरी की (ती ओळ इतरांपासून वेगळी ओळखू देणारे मूल्य) आणि मालकाची गुप्त किल्ली यांचा एकत्रित हॅश, म्हणजे ठरावीक गणिती प्रक्रियेने निघणारी व उलट उलगडता न येणारी संख्या, काढायचा आणि कोणत्या ओळीतील कोणत्या स्तंभाचा शेवटाकडचा कोणता बिट (संगणकातील संख्येचा द्विमान अंक) ० किंवा १ करायचा, हे त्यावरूनच ठरवायचे. तपासणीला मूळ प्रत लागत नाही. संशयित तक्त्यात खुणेच्या १०० जागा सापडल्या, तर निव्वळ योगायोगाने सुमारे ५० जुळतात. ७५ किंवा अधिक जुळण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी असते.

खरी कसोटी स्तंभ निवडण्यात आहे. यवतमाळकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांच्या कपाशीच्या नोंदी अशा डेटाबेसमध्ये ठेवल्या, तर गट क्रमांक, बँक खाते किंवा काट्यावरचे वजन यांना हात लावता येत नाही, हे उघड आहे. ओलाव्याचा दशांश निरुपद्रवी वाटतो. पण हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपुढे भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांपुढे कापूस नाकारला जातो, म्हणून तोही वर्ज्य मानावा. शेताच्या अक्षांशाचा सहावा दशांश एकाने बदलल्यास जागा जेमतेम ११ सेंटिमीटर सरकते, मात्र चोराला तो अंक कापून टाकणेही तितकेच सोपे. त्यापेक्षा पाचवा दशांश बरा: फरक सव्वा मीटरच्या आत राहतो, आणि धुऱ्याचा वाद सोडवायला हा तक्ता कोणी काढत नाही.

जिनिंगवाला, विमा कंपनी आणि बियाणे कंपनी यांना वेगवेगळ्या खुणांच्या प्रती दिल्यास फुटलेली प्रत कोणाची, हेही कळते. मात्र दोघांनी आपापल्या प्रती ताडून पाहिल्या, तर न जुळणाऱ्या जागा उघड्या पडतात. आणि प्रायमरी कीच बदलून टाकली, तर ही मूळ पद्धत निकामी होते.