मुख्यमंत्री फेलोशिप : आरोग्य क्षेत्रातल्या मुलामुलींचे अर्ज नेमके कुठे अडतात

सोलापुरात एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी शिकलेल्यांची कमी नाही. पण सरकारी यंत्रणेत आत बसून आरोग्याच्या योजना कशा आखल्या जातात, हे बघायची आणि त्यात हात घालायची संधी म्हटली की सगळ्यांना एमपीएससीच आठवते. मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात येते तेव्हा 'ते इंजिनिअरिंगवाल्यांचं असतंय' म्हणून कित्येक जण ती उघडतही नाहीत. जे उघडतात त्यातले बरेच जण परीक्षेला बसायच्या आधीच कागदावर बाद होतात. म्हणून हे कागदांबद्दल.

आधी मूळ माहिती. ही फेलोशिप 2015 मध्ये सुरू झाली, 2020 मध्ये बंद पडली, 2023 मध्ये परत सुरू झाली. काम बघतं राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय, आणि अर्ज त्यांच्याच संकेतस्थळावर होतो. 2025-26 च्या तुकडीसाठी 60 जागा होत्या. मुदत 12 महिने. छात्रवृत्ती दरमहा 56,100 रुपये आणि प्रवासखर्चापोटी 5,400, म्हणजे हातात 61,500. पात्रता : कोणत्याही शाखेची पदवी किमान 60 टक्क्यांनी, वय 21 ते 26, एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, मराठी लिहिता-वाचता-बोलता येणं, हिंदी-इंग्रजीचं ज्ञान, संगणक. अर्जाची फी 500 रुपये. हे सगळे आकडे त्या वर्षीच्या जाहिरातीतले आहेत. दरवेळी नवा शासन निर्णय निघतो, तो उघडा आणि मगच फॉर्मला हात लावा. व्हॉट्सॲपवर फिरणारं पोस्टर म्हणजे जाहिरात नव्हे.

फेलोला गट-अ अधिकाऱ्याच्या समकक्ष दर्जा मिळतो. 'समकक्ष' या शब्दाकडे नीट बघा. ही सरकारी नोकरी नाही, बारा महिन्यांनी संपते आणि कायम होण्याचा प्रश्नच येत नाही. घरी हे आधी सांगून ठेवा, नाहीतर वर्षभरानंतर 'मग परमनंट कधी?' ऐकावं लागतं.

वय : इथे डॉक्टर मंडळी सर्वांत जास्त अडकतात

वय मोजायचं ते अर्ज स्वीकारण्याच्या शेवटच्या तारखेला. जाहिरात आली त्या दिवशी नाही, परीक्षेच्या दिवशी नाही, रुजू होताना तर नाहीच. 2025 मध्ये अर्ज 15 एप्रिल ते 5 मे या काळात घेतले, म्हणजे हिशेब 5 मेचा. 'मला सव्वीस चालू आहे' हे बोलण्यातलं वय झालं. सव्विसावा वाढदिवस होऊन वर काही महिने गेले असतील, तर तुम्ही मर्यादेच्या बाहेर आहात. एमपीएससीच्या जाहिरातीत मिळते ती वयाची सवलत इथेही असणार, असं मनाने धरून चालू नका. जाहिरातीत लिहिलेली असेल तेवढीच सवलत.

आता एमबीबीएसचं गणित मांडा. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप : साडेतेवीस. सरकारी कॉलेजात शिकलेल्यांना वरून एक वर्षाची बंधपत्रित सेवा, ती टाळली तर 10 लाखांचा दंड. बाँड पूर्ण करेपर्यंत साडेचोवीस होतात. राहिलं दीड वर्ष. 'नीट' प्रवेश परीक्षेसाठी एक वर्ष रिपीट केलं असेल तर सहा महिने, आणि दोनदा रिपीट केलं असेल तर दार बंद. त्यात फेलोशिपची जाहिरात दरवर्षी निघते असंही नाही. 2023 ची फेब्रुवारीत निघाली आणि पुढची थेट एप्रिल 2025 मध्ये. बीएएमएसचा अभ्यासक्रमही साडेचार अधिक एक असाच, तेव्हा सोलापूरच्या शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयातल्या पोरांचीही इंटर्नशिप संपेपर्यंत साडेतेवीसच होतात. ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी इंटर्नशिपमध्ये असतानाच तारखा मोजायला घ्याव्यात. पीजीचा निकाल बघून ठरवू म्हणणाऱ्यांचं वय त्या निकालाची वाट बघण्यातच जातं.

एक कडू गोष्ट. जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम म्हणजे पदविका आहे, पदवी नाही. सोलापुरातल्या खासगी हॉस्पिटलांत जीएनएम झालेल्या मुली मोठ्या संख्येने काम करतात, त्यातल्या काहींना वॉर्डाचा अनुभव डॉक्टरांपेक्षा जास्त असतो, पण पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग किंवा दुसरी कोणतीही पदवी घेतल्याशिवाय या अर्जात त्यांना जागा नाही. हा नियम मला स्वतःला पटत नाही. पण 500 रुपये भरायच्या आधी माहीत असावा.

अनुभवाचं पत्र : सगळ्यात चिवट कागद

'एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव.' वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात हाच कागद कुणाकडे नसतो.

पूर्णवेळ इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप, आर्टिकलशिप धरून वर्ष भरलं तरी चालतं, असं जाहिरातीत असतं. तुमचा सगळा अनुभव म्हणजे पदवीतली सक्तीची इंटर्नशिपच असेल, तर अनुभवाचं ते कलम शब्दन् शब्द वाचा आणि तरीही शंका राहिली तर संचालनालयाच्या मदत क्रमांकावर विचारूनच पुढे जा. इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र कॉलेजकडून घ्या, त्यावर 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन्ही तारखा आहेत ना ते बघा. नुसतं 'इंटर्नशिप यशस्वीरीत्या पूर्ण केली' एवढ्याने भागत नाही. फिजिओथेरपीवाल्यांची इंटर्नशिप सहा महिन्यांची असते, म्हणजे उरलेले सहा महिने नोकरीतून दाखवावे लागतात.

आणि नोकरी म्हटली की आपल्याकडची रीत आडवी येते. हॉस्पिटल मोठं असो की छोटं, नेमणुकीचं पत्र नसतं, पगार हातात रोख मिळतो, हजेरी एका वहीत. दोन वर्षं रात्रपाळ्या केलेल्या मुलीला पत्र मागायला लावलं, तर डॉक्टर प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहून देतात : 'ही मुलगी आमच्याकडे काम करते, स्वभावाने चांगली आहे.' असलं पत्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. स्वभावाचं प्रमाणपत्र कुणी मागितलेलंच नव्हतं. तारीख नाही, पद नाही, शिक्का नाही, 'पूर्णवेळ' हा शब्द नाही.

पत्रात काय हवं ते सांगतो. संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह, तुमचं पूर्ण नाव पदवीवर आहे तसंच, पद, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख किंवा 'आजतागायत', 'पूर्णवेळ' हा शब्द स्पष्टपणे, खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि गोल शिक्का. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या. दवाखान्याच्या गर्दीत डॉक्टर तुमच्यासाठी मसुदा करत बसणार नाहीत, पण समोर तयार कागद ठेवला तर सही करायला सहसा नाही म्हणत नाहीत. बँकेत पगार जमा होत असेल तर त्या वर्षाचं स्टेटमेंट काढून ठेवा. रोखीने पगार घेत असाल तर आजपासून खात्यावर मागा. पुढच्या जाहिरातीसाठी तेवढा तरी पुरावा जमेल.

बाँडवर प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्यांचा अनुभव सर्वांत भक्कम, कारण तिथे नेमणूक आदेश असतो, रुजू अहवाल असतो, कार्यमुक्तीचा आदेश असतो. तिन्हींच्या प्रती काढल्याशिवाय केंद्र सोडू नका. करमाळ्याच्या किंवा सांगोल्याच्या केंद्रातून एकदा बाहेर पडल्यावर तोच कागद जिल्हा परिषदेतून काढायचा म्हणजे 'साहेब मीटिंगला गेलेत', 'बाबूंची बदली झाली', 'फाइल वर आहे'. नवीन बाबू येईपर्यंत मुदत उलटते.

टक्के, नाव आणि दुसऱ्याचा मोबाइल

60 टक्के कशाचे? पदवीचे, शेवटच्या वर्षाचे नव्हेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या गुणपत्रिका टप्प्याटप्प्याच्या असतात, एकूण टक्केवारी प्रत्येकीवर आयती मिळत नाही. सगळ्या वर्षांचे मिळालेले गुण आणि एकूण गुण जुळवून बेरीज करा आणि शक्य असेल तर कॉलेजकडून टक्केवारीचा दाखला घ्या. 59.6 चे 60 करू नका, कागदपत्रं तपासताना ते निघतंच. ग्रेड पॉइंट असलेल्यांनी विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वापरावं, दहाने गुणून मोकळं होऊ नये.

नावाचा घोळ मुलींच्या वाट्याला जास्त. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, पदवीवर माहेरचं आडनाव. फॉर्म पदवीवरच्या नावाने भरा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ ठेवा. सोलापूरच्या तेलुगू भाषकांच्या पूर्व भागात आणखी एक प्रकार दिसतो. तेलुगू आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, एका कागदावर एक 'एल', दुसऱ्यावर दोन. हे आधारवर आधीच दुरुस्त करून घ्या. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांनी मराठीच्या अटीला मात्र घाबरायचं कारण नाही. पेशंटशी मराठीत बोलता आणि केस पेपर वाचता ना, मग फक्त चार पानं सलग मराठी लिहायची सवय करा.

सायबरवाल्याकडून फॉर्म भरता तेव्हा मोबाइल आणि ईमेल तुमचाच द्या. घाईत तो स्वतःचा टाकतो, ओटीपी त्याच्याकडे येतो, आणि पुढे परीक्षेचा निरोपही त्याच्याकडेच जातो. त्याने तो वाचलेला नसतो. फी कापली गेली म्हणजे अर्ज पोहोचला असंही नाही. अर्ज क्रमांक असलेली पीडीएफ हाती आल्यावरच खुर्ची सोडा. आणि शेवटच्या रात्री बसू नका, साइट तेव्हा हमखास रुसते.

पुढचे टप्पे

पहिला टप्पा ऑनलाइन वस्तुनिष्ठ परीक्षा. त्यातून वरचे 210 जण निबंध आणि मुलाखतीसाठी निवडले जातात. निबंधात 'भारतातील आरोग्य व्यवस्था' असं आभाळाएवढं लिहिणारे ढीगभर असतात. तुम्ही आषाढीला पंढरपुरात आरोग्य पथकात ड्यूटी केली असेल, विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत सर्व्हे केला असेल, तर तेच लिहा. शहराचा आरोग्य विभाग महापालिकेकडे, खेड्यातली केंद्रं जिल्हा परिषदेकडे आणि सिव्हिल हॉस्पिटल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, यामुळे एकाच टीबी पेशंटला किती खिडक्या फिराव्या लागतात, हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला धोरण म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

नेमणूक कुठे मिळेल ते तुमच्या हातात नाही. 2025-26 मध्ये निवडक 20 जिल्ह्यांत फेलोंचे गट द्यायचे ठरलं होतं, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, महापालिका आयुक्त यांच्या कार्यालयांत. डॉक्टर असलात तरी पाण्याचं किंवा शिक्षणाचं काम येऊ शकतं. सोबत आयआयटी मुंबईचा सार्वजनिक धोरणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. काम पूर्णवेळ आहे. संध्याकाळी क्लिनिक चालवू, ही कल्पना घरीच ठेवून या.

ज्यांचं वय गेलं त्यांच्यासाठी

सव्वीस ओलांडलेल्यांनी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी पदांवर नजर ठेवावी. जिल्हा परिषदेतल्या एकात्मिक आरोग्य व कुटुंब कल्याण सोसायटीमार्फत ही पदं भरली जातात, साथरोगतज्ज्ञ, कार्यक्रम व्यवस्थापक वगैरे. पुण्यात राज्य आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्र आहे, त्याच्याही जाहिराती बघत जा. इथे वयाची मर्यादा सैल, पण कौन्सिलची नोंदणी चालू लागते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या प्रशिक्षण कार्यक्रमांचे, क्रेडिट पॉइंट लागतात. ऐनवेळी पॉइंट कमी निघाले तर मुदतीत काही होत नाही. प्रमाणपत्रावरची तारीख आजच काढून बघा, आणि ती सहा महिन्यांच्या आत संपत असेल तर फॉर्मच्या आधी नूतनीकरणाला लागा.