मटकीचे मोड आणि चिमट्याची चाल

घरातल्या वस्तू घेऊन स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढून ती आपोआप चालल्यासारखी दाखवणं, करून बघायचं म्हणून मोबाइल उघडला, की कॅमेऱ्यात ‘टाइमलॅप्स’ नावाचं बटण दिसतं आणि बरेच जण तेच दाबतात. मग टेबलावरचं खोडरबर हाताने पुढे पुढे सरकवत राहतात. तयार व्हिडिओत खोडरबर कमी आणि हातच जास्त दिसतो. माझ्या भाचीचं असंच झालं आणि ‘मला हे जमत नाही’ म्हणून तिने फोन ठेवून दिला. तिला जमत होतं, फक्त बटण चुकलं होतं.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हीकडे कॅमेरा एका जागी रोवलेला, मध्ये वेळ सोडून घेतलेले फोटो, आणि ते भराभर एकामागून एक दाखवायचे. फरक पडतो तो दोन फोटोंच्या मधल्या वेळात काय घडतं यामुळे. टाइमलॅप्समध्ये वस्तू आपली आपण बदलते. कॅमेरा घड्याळाच्या ठोक्यावर फोटो घेत राहतो, आपण लांब असतो. स्टॉप मोशनमध्ये वस्तू आपण हलवायची, हात चौकटीबाहेर घ्यायचा आणि मग फोटो काढायचा. तोवर कॅमेरा थांबून असतो, मग पाच सेकंद लागोत की पाऊण तास.

भिजवलेली मटकी ओल्या फडक्यावर पसरा आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो निघेल असं अ‍ॅप लावा. 24 तासांत 288 फोटो होतात, आणि सेकंदाला 24 या वेगाने ते 12 सेकंदांत दिसून संपतात. यात कष्ट असे नाहीत. चार्जर लावलेला हवा, रात्रीही दिवा चालू हवा, आणि फडक्यावर पाणी शिंपडताना फोनला धक्का लागता कामा नये. बाकी सगळं मटकी करते.

आता कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा घ्या. स्टॉप मोशनच्या पहिल्या प्रयत्नाला माझ्या मते याच्याइतकी चांगली वस्तू घरात नाही. तो घरंगळत नाही, ठेवला तिथे राहतो आणि त्याला तोंड आहे. आगकाडीचे लहानमोठे तीन तुकडे करून आळीपाळीने कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूने त्याच्या जबड्यात अडकवले, की तोंड थोडं, अजून थोडं, मग पूर्ण उघडतं. तेच उलट क्रमाने काढले की मिटतं. मटकीचे दाणे किंवा गोट्या पहिल्या दिवशी नकोत, कारण त्या जागच्या हलतात. घ्यायच्याच असतील तर खाली कणकेची बारीक गोळी लावा.

सेकंदाला 12 फोटो पुरतात, म्हणजे 10 सेकंदांसाठी 120. खरं काम आहे ते प्रत्येक वेळी किती सरकवायचं हे ठरवण्याचं. दर फोटोला अगदी सारखं अंतर ठेवलं तर चिमटा सरकत्या पट्ट्यावर ठेवल्यासारखा जातो, त्यात जीव वाटत नाही. निघताना दोन-दोन मिलिमीटर, मध्ये सेंटीमीटरभर, थांबताना पुन्हा दोन-दोन मिलिमीटर असं करून पाहा. तो स्वतः निघाला आणि स्वतः थांबला असं दिसतं. हे पहिल्यांदा दिसतं तो क्षण मला अजूनही फार आवडतो. स्टॉप मोशनच्या अ‍ॅपमध्ये आधीचा फोटो पडद्यावर पुसट दिसण्याची सोय असते. ती सुरू ठेवा, म्हणजे किती सरकलं ते कळतं.

उजेडाच्या बाबतीत तर दोघांचं अगदी उलट आहे. टाइमलॅप्समध्ये ऊन सरकलं, सावली लांबली, तर ती पाहायलाच मजा येते. स्टॉप मोशनमध्ये मात्र खिडकीतला उजेड वैरी. ढग आला-गेला की व्हिडिओ लुकलुकतो. पडदे ओढून एकच दिवा लावा, फोनच्या स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका. एकदा पांढरा सदरा घालून बसलो होतो, तर मी वाकलो की ताटावर उजेड वाढायचा. तेव्हापासून गडद कपडे घालतो. फोन डब्यांच्या मध्ये घट्ट बसवून वायरच्या इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढला तर त्याला हात लावावा लागत नाही.

दादासाहेब फाळक्यांनी ही दोन्ही तंत्रं हाताळली होती. 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणे लावून, समोर कॅमेरा ठेवून महिनाभर त्यांची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो मिनिटभराचा चित्रपट भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून केलेला. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी आपल्याकडे टाइमलॅप्स होता. पुढे 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी आगपेटीतल्या काड्या हलवून त्यांचा खेळ मांडला, आणि ते स्टॉप मोशन होतं. वाटाणा आणि आगकाडी, दोन्ही स्वयंपाकघरातल्याच वस्तू.

दोन्ही एकाच चौकटीत हवं असेल तर दिवाळीचा किल्ला उत्तम. डोंगरउतारावर अळीव पेरतोच आपण. ते उगवेपर्यंत दिवसभर तासातासाने एक फोटो घ्या, आणि प्रत्येक फोटोच्या आधी एक मावळा एक पायरी वर ठेवा. रोज 12 फोटो, चार दिवसांत 48. मावळा चार सेकंदांत दरवाज्याशी पोचतो आणि तेवढ्यात मागे सगळा डोंगर हिरवा होतो.