नर्व्हस की अँक्शस?

पेपर अवघड गेला आणि पोरगं गप्प बसलं, की सांगलीत घरचे म्हणतात, ‘जरा नर्व्हस झालाय.’ मराठीत हे चालतं, इंग्रजीत नाही. तिथला नर्व्हस पुढे व्हायच्या गोष्टीचा असतो. पेपरच्या आधीची धाकधूक म्हणजे नर्व्हस. पेपर बिघडल्यावर मन खट्टू होतं, ते अपसेट किंवा डिसअपॉइंटेड. कॅम्पस इंटरव्ह्यूत ‘मागच्या वेळी निवड झाली नाही, सो आय वॉज नर्व्हस’ म्हणालात, तर समोरच्याला अर्थच लागत नाही. फार तर तो समजतो, हा घाबरतो. तुम्हाला म्हणायचं असतं की वाईट वाटलं.

अँक्शस अगदी शेजारचा शब्द. नर्व्हसपणा अंगावर दिसतो: तोंडाला कोरड, तळहाताला घाम, कापरा आवाज. प्रसंग सरला की बहुधा तोही सरतो. अँक्शसमध्ये काळजी मुख्य. काय होईल ते ठाऊक नसतं आणि बऱ्याचदा आपल्या हातातही नसतं. कोयनेतून विसर्ग वाढला, आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून 45 फुटांच्या धोका पातळीकडे निघाली, की नदीकाठची माणसं रात्रभर ‘पाणी किती फुटावर आलं?’ विचारत जागतात. ती अँक्शस. त्याच पुरावर वक्तृत्व स्पर्धेत पहिल्यांदा माईकसमोर उभी राहिलेली मुलगी नर्व्हस.

दोन्ही शब्दांपुढे ‘अबाउट’ बिनधास्त वापरा. नंतर क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लावा: ‘नर्व्हस अबाउट स्पीकिंग’. खरी फसगत ‘टू’ करतो. ‘आय ॲम अँक्शस टू मीट यू’ म्हणजे भेटायची ओढ लागलीय. ‘आय ॲम अँक्शस अबाउट मीटिंग यू’ म्हणजे भेटीची धास्ती आहे. मेलमध्ये हे उलटं गेलं तर वाचणारा बुचकळ्यात पडणारच! ‘फॉर’ दोन्हीकडे झुकतो: ‘अँक्शस फॉर न्यूज’ म्हणजे बातमीची आस, ‘अँक्शस फॉर हर सन’ म्हणजे मुलाची काळजी.

‘सकाळपासून’चं ‘फ्रॉम मॉर्निंग’ करू नका. ‘आय हॅव बीन नर्व्हस सिन्स धिस मॉर्निंग’ म्हणा. आपल्याकडचं ‘आय ॲम टेन्स्ड’ही खटकतं, तिथे ‘टेन्स’ पुरे.

उच्चारात अँक्शसला ‘क्श’ येतो, अँग्झायटीला ‘ग्झ’. स्पेलिंगमध्ये मात्र दोन्हीकडे एक्सच.