घरातला रीफ टँक: पैसे नेमके कुठे घालायचे?

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे ठेवायची टाकी. तिच्यासाठी बजेट कमी आहे असं सांगितलं की दुकानात सहसा वीस-तीस लिटरची छोटी टाकी पुढे केली जाते. दिसायला सुबक, टेबलावर मावणारी आणि किंमतही आवाक्यातली. पण खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदाच करणाऱ्याने ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मात्र मागे राहतात. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ३० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडालं की हा आकडा ३६.२ वर जातो. दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद-उंच टाकीत दगड-वाळू घालूनही सुमारे १०० लिटर पाणी राहतं. तिच्यातून दुप्पट पाणी उडालं तरी आकडा ३५.७ पर्यंतच चढतो. रीफवरचे, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या रांगांवरचे जीव जवळजवळ न बदलणाऱ्या पाण्यात वाढलेले असतात, त्यामुळे रोजचा चढउतार त्यांना सोसत नाही. म्हणून काच थोडी मोठी घ्या आणि खाली भक्कम लोखंडी स्टँड ठेवा, कारण भरलेल्या टाकीचं वजन दीडशे किलोच्या घरात जातं.

आपल्याकडे खरा खर्च उष्णतेचा. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच प्रकाशातून तयार करतं. पाणी फार तापलं की ही जोडी तुटते, शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. टाकीचं तापमान २५-२६ अंशांच्या आसपास हवं आणि एप्रिल-मेमधली आपली घरं त्याहून कितीतरी गरम असतात. पाणी थंड करणारा चिलर घ्यायचा तर तो बहुधा टाकीपेक्षा महाग पडतो.

त्याआधी साधा पंखा लावून पाहा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, आणि १०० लिटर समुद्राचं पाणी एका अंशाने थंड करायला साधारण ४०० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे बाहेरून उष्णता येत नाही असं धरलं तर एका लिटरच्या बाष्पीभवनात सहा अंश उतरवण्याची ताकद आहे. प्रत्यक्षात खोली, दिवे आणि मोटर उष्णता देतच राहतात, म्हणून दोन-तीन अंशांचा फरक धरावा. नागपूर किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत वाफ नीट होत नाही, तेव्हा तिथे चिलर किंवा खोलीतल्या एसीचं वीजबिल पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. पंखा लावला की पाणी जास्त उडणार. ती भर नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही.

शुद्ध पाण्यासाठी स्वयंपाकघरातला आरओ पुरेल असं अनेकांना वाटतं. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. टाकीला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याजवळ असलेलं पाणी लागतं, म्हणजे आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचा एक टप्पा हवा. हा खर्च टाळू नका.

मिठाचंही तसंच. मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा आधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे बरेचसे क्षार शेवटच्या कडू पाण्यात उरतात. म्हणून खडे मीठ पाण्यात विरघळवून समुद्र परत तयार होत नाही. मत्स्यालयासाठीचं तयार सॉल्ट मिक्सच घ्या, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर हवाच.

फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, म्हणजे स्किमर, मात्र सुरुवातीला वगळता येतो. मासे कमी असतील तर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं पुरतं.

आता प्रवाळ कोणते? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, सी फॅन आणि सगळे समुद्री घोडे येतात. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही टाकीत ठेवणं गुन्हा आहे. कुणी ‘स्वस्तात देतो’ म्हणालं तरी घेऊ नका. समुद्रातून तोडून आणलेल्या लाइव्ह रॉकऐवजी (जिवाणू आणि बारीक जीव वसलेले दगड) सच्छिद्र सिरॅमिक दगड वापरा. मशरूम किंवा लेदर कोरलसारखे मऊ प्रवाळ, तेही टाकीत वाढवलेले आणि बिलासह घेतलेले, नवख्यासाठी उत्तम. कठीण प्रवाळांसारखा मोठा चुन्याचा सांगाडा ते बांधत नाहीत, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम सतत पुरवत राहण्याचा खर्च वाचतो. त्यांना मध्यम प्रकाश चालतो, आणि साध्या निळ्या-पांढऱ्या एलईडीत भागतं.

मासे लगेच सोडायचे नाहीत. आधी माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वसावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे जातात, आणि टेस्ट किटमध्ये अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबायचं. मग क्लाउनफिशची जोडी घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास आपल्या देशात यशस्वी केली आहे, म्हणून हॅचरीत जन्मलेलीच मागा. ती टाकीला सरावलेली असते, तयार खाद्य खाते, आणि समुद्रातला एकही मासा कमी होत नाही.

पैसे उरले तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या. कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, आणि मे महिन्यात वीज गेली की काही तासांतच मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात.